पाणी गाळले, भांड्याचे काय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत एका निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापकांनी दिलेल्या भाषणाचा हा लिखित पाठ.)



आचार्यसम्राट पूज्य आनंदऋषीजी म. सा. यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या या नगरीत आपल्या ट्रस्टने सेवेची पन्नास वर्षे पूर्ण केली, हा आपणा सर्वांच्या दृष्टीने आनंदाचा क्षण आहे. अशा प्रसंगी मागील पन्नास वर्षांचा गौरव करावा, ही रीत आहे. तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केलेला आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून आज मी आपल्या घरातील, दुकानातील आणि या वास्तूतील एका रसायनाविषयी बोलणार आहे. त्या ओघात एक कबुलीही द्यावयाची आहे. ती प्रथमच देतो, म्हणजे पुढील विवेचनास बळ येईल.

एक कबुली

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी आपल्या भोजनव्यवस्था समितीचा कार्यवाह होतो. त्या काळी चातुर्मासात तपस्वींसाठी उकळलेले पाणी मोठ्या पितळी पिंपांत आणि घागरींत भरून ठेवले जात असे. पिंपे जड होती. कल्हईवाला वेळेवर मिळत नसे. पिंपे उचलताना सेवा करणाऱ्या भगिनींच्या कंबरा दुखत. मी समितीपुढे प्रस्ताव मांडला, की ही जुनी भांडी मोडीत काढावीत आणि वीस लिटरचे पारदर्शक जार घ्यावेत. वजनाला हलके, न फुटणारे, धुण्यास सोपे आणि आतील पाणी स्वच्छ दिसणारे. प्रस्ताव एकमताने संमत झाला. त्या वर्षीच्या अहवालात माझ्या दूरदृष्टीबद्दल आभारही छापून आले.

शास्त्रोक्त पद्धतीने पाणी उकळले की ते परातीत ओतून निववावे आणि मगच भरावे. परंतु पर्युषणात शेकडो तपस्वी असतात, वेळ अपुरी असते. पाणी पुरते निवण्यापूर्वीच, वाफाळत असताना, जारमध्ये ओतले जाई. हे मी स्वतः पाहत होतो. माझ्या सौभाग्यवतींनी ज्या वर्षी वर्षीतप केला, त्या वर्षी त्याही येथे आल्या की हेच पाणी घेत.

२००८ साली कॅनडा सरकारने लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतील बिस्फेनॉल-ए या रसायनावर बंदी घालण्याचे जाहीर केले. ती बातमी मी वाचली. बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या होत्या, त्याच प्लॅस्टिकचे आपले जार होते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला हे उमजायला एक क्षण पुरेसा होता. तरीही मी गप्प बसलो. आभाराचा तो ठराव आड आला.

पुढे आमच्या घरी नात जन्माला आली. सूनबाईंनी दुधाची बाटली माझ्या हाती देऊन विचारले, "पप्पा, ही चांगली आहे ना?" मी चष्मा लावून बाटलीचा तळ उलटा करून पाहिला, अंक वाचला, मगच होकार दिला. त्याच संध्याकाळी स्थानकात आलो असता जारची रांग दिसली. नातीच्या बाटलीचा तळ मी एका मिनिटात तपासला होता. संघाच्या जारचा तळ मात्र इतक्या वर्षांत एकदाही तपासला नव्हता. त्या दिवशी तो पाहिला. त्रिकोणात सात हा अंक होता आणि खाली पॉलिकार्बोनेटची आद्याक्षरे होती.

मी समितीला जार बदलण्यास सांगितले खरे, परंतु कारण सांगताना पुन्हा कच खाल्ली. "जार पिवळे पडले आहेत," एवढेच म्हणालो. परिणाम काय झाला? समितीने तत्परतेने जुने जार काढले आणि त्याच जातीचे नवे जार आणले! दोष समितीचा नाही. अर्धे कारण सांगितले, की अर्धाच उपाय होतो. म्हणून आज पूर्ण कारण सांगतो आहे.

हे रसायन आहे तरी काय?

फिनॉलचे दोन रेणू आणि ॲसिटोनचा एक रेणू यांच्या संयोगातून बिस्फेनॉल-ए तयार होते. 'बिस' म्हणजे दोन, आणि शेवटचा 'ए' ॲसिटोनचा. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर दियानिन यांनी ते १८९१ साली प्रथम तयार केले. त्यानंतर अनेक वर्षे ते प्रयोगशाळेतील एक पांढरी भुकटी म्हणूनच राहिले.

१९३६ साली लंडन येथील एडवर्ड चार्ल्स डॉड्स आणि त्यांचे सहकारी कृत्रिम स्त्रीसंप्रेरकाच्या शोधात होते. शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारी आणि वाढ, प्रजनन, चयापचय यांचे नियमन करणारी द्रव्ये म्हणजे संप्रेरके. बिस्फेनॉल-ए हे इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाप्रमाणे, जरी क्षीणपणे, कार्य करते असे त्यांना आढळले. दोनच वर्षांनी, १९३८ साली, त्यांना त्याहून कितीतरी प्रभावी असे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल सापडले आणि बिस्फेनॉल-ए औषध म्हणून मागे पडले. ते प्रभावी द्रव्य पुढे अमेरिकेत लक्षावधी गर्भवती स्त्रियांना गर्भपात टळावा म्हणून देण्यात आले. १९७१ साली असे उघडकीस आले, की त्या मातांच्या पोटी जन्मलेल्या काही मुलींना तरुण वयातच योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला आहे. गर्भावस्थेत मिळालेले संप्रेरक वीस वर्षांनी आपला हिशेब मागते, हे तेव्हा जगाला प्रथम उमगले.

इकडे बिस्फेनॉल-ए मात्र वेगळ्याच दाराने जगात शिरले. १९५३ साली जर्मनीत हर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक तयार केले. काचेसारखे पारदर्शक, पण हातोडीनेही सहजी न फुटणारे. बिस्फेनॉलचे रेणू साखळीत गुंफले, की हे प्लॅस्टिक बनते. त्याच द्रव्यापासून इपॉक्सी नावाचे लाखेसारखे लेपनही बनते. ते डबाबंद अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना आतून लावले जाते. म्हणजे जे द्रव्य संप्रेरकासारखे वागते हे आधीच ठाऊक होते, त्याचीच पुढे अन्न-पाण्याची भांडी झाली. आज जगात या रसायनाचे उत्पादन दरवर्षी काही दशलक्ष टन होते.

साखळी सुटते कशी?

पॉलिकार्बोनेटमधील बहुतेक बिस्फेनॉल घट्ट बांधलेले असते. परंतु थोडे सुटे राहते आणि उष्णतेने, तसेच सोड्यासारख्या क्षारयुक्त द्रव्याने साखळीच्या कड्याही सुटतात. १९९८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत याचा विलक्षण प्रत्यय आला. त्यांच्या निरीक्षणाखालील उंदरांच्या स्त्रीबीजांत गुणसूत्रांचे दोष एकाएकी वाढले. नेहमी शेकडा एक-दोन असणारे प्रमाण शेकडा चाळिसावर गेले. पुष्कळ शोध घेतल्यावर कारण सापडले. एका कर्मचाऱ्याने पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी पुसण्याच्या तीव्र द्रावणाने धुतल्या होत्या. प्लॅस्टिक झिजले, बिस्फेनॉल पाण्यात उतरले. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जारमधील चिकटपणा काढण्यासाठी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा वापरण्याची पद्धत आहे, हे ऐकताना आपल्या लक्षात आलेच असेल.

२००८ साली सिनसिनाटी विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत उकळते पाणी भरून पाहिले. थंड पाण्याच्या तुलनेत बिस्फेनॉल सुटण्याचा वेग १५ ते ५५ पट झाला. याच अभ्यासात साध्या तापमानाला नवी बाटली आणि अनेक वर्षे वापरलेली बाटली यांत फरक आढळला नाही. अर्थात मुख्य अपराधी उष्णता आहे, जुनेपणा नव्हे. जार पिवळे पडले म्हणून नवे आणल्याने प्रश्न का सुटला नाही, याचे उत्तर येथे आहे.

मग थंड पाणी भरले तर? २००९ साली हार्वर्ड येथे ७७ विद्यार्थ्यांनी एक आठवडा पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून थंड पेये घेतली. त्यांच्या लघवीतील बिस्फेनॉलचे प्रमाण सरासरी ६९ टक्क्यांनी वाढले. म्हणजे थंड पाण्यातही ते उतरते, गरम पाण्यात मात्र अनेक पटींनी वेगाने.

शरीरात गेल्यावर

संप्रेरक आणि पेशी यांचे नाते किल्ली आणि कुलूप यांसारखे असते. बिस्फेनॉल-ए ही इस्ट्रोजेनच्या कुलपाला लागणारी बनावट किल्ली होय. खरी किल्ली शरीर हवी तेव्हाच फिरविते. बनावट किल्ली केव्हाही फिरते. प्रौढ माणसाचे यकृत हे द्रव्य काही तासांत निष्प्रभ करते आणि साधारण एका दिवसात ते लघवीवाटे बाहेर पडते. गर्भाची आणि तान्ह्या बालकाची ही शक्ती अपुरी असते, आणि नेमका तोच काळ अवयवांच्या घडणीचा असतो. म्हणून सर्वाधिक काळजी गर्भवती माता आणि बालके यांची घ्यावयाची.

या विषयातील महत्त्वाचे संशोधन आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. मुंबईत परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात गर्भिणी उंदरिणींना बिस्फेनॉल-ए अत्यल्प मात्रेत दिले होते. त्यांच्या नर संततीत शुक्राणूंची संख्या आणि गती घटली, आणि हा परिणाम पुढील पिढ्यांतही दिसून आला. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हे द्रव्य दिलेल्या नर पिल्लांची प्रजननक्षमताही मोठेपणी खालावलेली आढळली. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी आपणा सर्वांच्या मनात वेदना आहे, माझ्याही आहे. परंतु त्या मुक्या जीवांनी प्राण देऊन जो इशारा दिला, तो कानाआड करणे ही त्यांच्याविषयीची दुसरी निष्ठुरता ठरेल.

माणसांच्या पाहणीत बिस्फेनॉलचे प्रमाण अधिक असणाऱ्यांत हृदयविकार आणि मधुमेह अधिक आढळल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासाने २००८ साली मांडले. पण येथे शब्द जपून वापरले पाहिजेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. डबाबंद आणि तयार अन्न अधिक खाणाऱ्यास हे दोन्ही असू शकतील. आपल्या जारमधील पाण्याने येथे कोणाला अमुक आजार झाला, असे मी म्हणत नाही. कोणताही वैद्य तसे म्हणू शकणार नाही. या विषयावर भीती पसरविणे हा अनेकान्ताचा मार्ग नव्हे.

शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम बिस्फेनॉल-ए सुरक्षित मानले होते. एप्रिल २०२३ मध्ये, रोगप्रतिकारशक्तीवरील परिणाम विचारात घेऊन, तिने ही मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. साठ किलो वजनाच्या माणसासाठी पूर्वी दिवसाला २४० मायक्रोग्रॅम चालत होते, आता केवळ १२ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने इतकी कठोर मर्यादा मान्य केली नाही. तिची स्वतःची मर्यादा २०० नॅनोग्रॅमची आहे. पण गंमत पाहा, असहमत असणाऱ्यांची मर्यादाही जुन्या मर्यादेच्या एक-विसांशच भरते. तंटा किती कमी करावे याचा आहे.

कायद्यांची वाटचालही त्याच दिशेने झाली. दुधाच्या बाटल्यांत हे रसायन वापरण्यास युरोपने २०११ साली आणि अमेरिकेने २०१२ साली मनाई केली. आपल्या भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात दुधाच्या बाटल्यांसाठी तोच निर्णय घेतला. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्न-पाण्याच्या सर्वच भांड्यांत, वेष्टनांत आणि लेपनांत बिस्फेनॉल-ए वापरण्यास बंदी करणारा नियम केला. तो २० जानेवारी २०२५ पासून लागू झाला. बहुतेक वस्तूंना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

'बीपीए-फ्री' म्हणजे निर्धोक?

बाजारात आता 'बीपीए-फ्री' असा छाप मारलेल्या बाटल्या येतात. यातील काहींत बिस्फेनॉल-एस किंवा बिस्फेनॉल-एफ ही त्याचीच भावंडे असू शकतात. योगायोग असा, की हंट यांच्या प्रयोगशाळेत वीस वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा घडला. पॉलिकार्बोनेटऐवजी आणलेले दुसऱ्या प्लॅस्टिकचे पिंजरे झिजले, त्यांतून बिस्फेनॉल-एस सुटले आणि उंदरांच्या प्रजननपेशींवर तसेच परिणाम दिसले. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. नाव बदलल्याने स्वभाव बदलत नाही. छाप वाचून निश्चिंत होण्यापेक्षा गरम पदार्थ प्लॅस्टिकमध्ये ठेवूच नये, हा नियम सोपा आणि खात्रीचा आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सर्वच प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल नसते. गच्चीवरील काळ्या टाक्या आणि शेततळ्यांत अंथरला जाणारा कागद बहुधा पॉलिएथिलीनचा असतो. बाजारातील लहान पाण्याच्या बाटल्या पीईटीच्या असतात. डबे पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ही प्लॅस्टिके बिस्फेनॉलपासून बनत नाहीत. त्यांचे इतर प्रश्न आहेत, पण ते वेगळे. तळाच्या त्रिकोणातील एक, दोन, पाच हे अंक त्यांचे होत. सात हा अंक 'इतर' या वर्गाचा असून त्यात पॉलिकार्बोनेट येते.

दुकानाच्या गल्ल्यावर

आपला समाज व्यापारी. कापड बाजार असो, आडते बाजार असो, दुकानाच्या गल्ल्यावर आज बिलाचे छोटे यंत्र असते. त्यातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाला शाई लागत नाही; उष्णतेने अक्षर उमटते. या कागदावरील लेपात बिस्फेनॉल-ए किंवा बिस्फेनॉल-एस सुट्या स्वरूपात असू शकते. ते साखळीत बांधलेले नसल्याने बोटांना सहज लागते. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की हा कागद बराच वेळ हाताळल्यास शरीरातील प्रमाण वाढते, आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रावण लावून लगेच कागद धरल्यास ते त्वचेतून अधिक वेगाने आत जाते. करोनाच्या काळात आपण सर्वांनी नेमके हेच केले. युरोपने २०२० पासून अशा कागदातील बिस्फेनॉल-ए जवळजवळ शून्यावर आणले आहे.

गिऱ्हाइकाच्या हाती एक बिल जाते. गल्ल्यावरील मुलाच्या हाती दिवसात शेकडो जातात. तो मुलगा आपला नोकर आहे. त्याच्या हाताची काळजी ही मालकाची जबाबदारी आहे. माहिती नसताना घडले ते अजाणतेपणी. आज माहिती मिळाल्यावर घडेल ते जाणून.

पाण्यातील जीव

आपण पाणी गाळतो ते पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी. गरण्यात अडकलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडण्याची आपली जुनी रीत आहे. या रसायनाचे सर्वांत मोठे बळी तेच जीव आहेत. मोकळ्या, हवा खेळत्या पाण्यात बिस्फेनॉल-ए काही दिवसांत विघटन पावते. परंतु सांडपाणी आणि कचऱ्याच्या ढिगांतील झिरपा यांतून ते रोजच येत राहते, म्हणून पाण्यातून जात नाही. तळाच्या गाळात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे तर ते दीर्घकाळ टिकते. तमिळनाडूतील कावेरी आणि ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्यात ते मोजले गेले आहे. या द्रव्याच्या संपर्कात आलेल्या नर माशांच्या शरीरात अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागते, जे केवळ मादीत असावयाचे. गोगलगायींवरही प्रजननाचे परिणाम नोंदले गेले आहेत.

आपला जिल्हा अवर्षणाचा. मुळा धरणाचे पाणी आपण पितो. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या तालुक्यांतील टँकरच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. ज्या नदीला बारमाही प्रवाह असतो, ती मिसळलेले द्रव्य पातळ करते. आपली सीना उन्हाळ्यात काय पातळ करणार? तिच्यात तेव्हा वाहते ते बहुतांशी शहराचे सांडपाणीच. कचऱ्यात टाकलेला फुटका जार आणि बिलांचा बोळा कचरा डेपोत जातो. तेथून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि जमिनीत. उकिरड्यावर पेटविला तर धुरातून तो आपल्याच श्वासात परत येतो. जगात 'फेकून दिले' अशी जागा नाही. फेकलेली वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी जीवाच्या घरात जाऊन पडते.

काय करावे?

समाधानाची गोष्ट अशी, की हे द्रव्य शरीरात साठून राहत नाही. २०११ साली अमेरिकेतील पाच कुटुंबांतील वीस जणांना तीन दिवस डबाबंद आणि प्लॅस्टिकमधील अन्न वर्ज्य करून केवळ ताजे अन्न दिले गेले. त्यांच्या शरीरातील बिस्फेनॉल-एचे प्रमाण सरासरी ६६ टक्क्यांनी घटले. तीन दिवस! आपल्याकडे तेल्याची तपश्चर्या तीन दिवसांची असते. रोज ताजे रांधावे, शिळे ठेवू नये, हा आपल्या स्वयंपाकघराचा जुना संस्कार आहे. या अभ्यासाने त्यावर मोहोरच उठविली.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा आहेत.

पहिली विनंती ट्रस्टला. उकळलेले पाणी यापुढे केवळ स्टीलच्या, तोटी असलेल्या पिंपांत भरावे. पिंपे चाकांच्या गाड्यावर ठेवावीत आणि घागरीने उचलण्याऐवजी तोटीने पाणी घ्यावे, म्हणजे ज्या भगिनींच्या कष्टांसाठी मी जार आणले, त्यांना पुन्हा ते कष्ट होणार नाहीत. खर्चाचा प्रश्न निघेल. माझ्या प्रस्तावाने जी पितळी भांडी मोडीत गेली, त्यांच्या बदल्यात पहिली चार पिंपे माझ्या कुटुंबाकडून स्वीकारावीत. हे दान नव्हे, परतफेड आहे.

दुसरी विनंती स्वामीवात्सल्य आणि विवाहसमारंभ करणाऱ्या यजमानांना. गरम वरण, कढी, दूध प्लॅस्टिकच्या बादलीत वा डब्यात वाढण्यासाठी काढू नये. पाण्याचे जार घेणे अपरिहार्य असेल, तर ते उन्हात उभ्या टेम्पोत तासन् तास ठेवू नयेत. प्रभावनेत प्लॅस्टिकचे डबे आणि बाटल्या वाटण्याऐवजी स्टीलची वाटी किंवा सुती गरणे द्यावे.

तिसरी विनंती घरातील मातांना. बाळासाठी दूध स्टीलच्या अथवा काचेच्या भांड्यात गरम करून वाटी-चमच्याने पाजावे. आपल्या आजी असेच पाजत. बाटली घ्यावीच लागली तर तिचा तळ पाहावा. गर्भवती लेकी-सुनांनी डबाबंद पदार्थ टाळावेत. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचा डबा ठेवू नये.

चौथी व्यापारी बंधूंना. गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज गुळगुळीत कागदाचे बिल छापू नये. मोबाइलवर पाठविता येते. गल्ल्यावरील माणसाने जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. कागद घेताना पुरवठादाराकडे बिस्फेनॉलविरहित कागदाची मागणी करावी. दहा दुकानदारांनी मागणी केली, की अकराव्यासाठी माल आपोआप येतो. हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे!

पाचवी, जुन्या जारांविषयी. ते फोडू नयेत, जाळू नयेत. धान्य वा पाणी सोडून अन्य कोरड्या वापरासाठी ठेवावेत किंवा पुनर्वापर करणाऱ्या भंगार व्यावसायिकाकडे वेगळे द्यावेत.

यात कठीण असे काय आहे? आपल्या परंपरेत जयणा नावाचा सुंदर शब्द आहे. उठताना, बसताना, ठेवताना, उचलताना सावधपणे वागणे म्हणजे जयणा. आपल्या पूर्वजांना सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हते, तरी पाण्यात न दिसणारे जीव आहेत या जाणिवेने ते वागले. आज आपल्याला अब्जांश ग्रॅम मोजणारी यंत्रे सांगत आहेत, की पाण्यात न दिसणारे द्रव्यही आहे. मग आपली जयणा गरण्यापाशीच का थांबावी? ती भांड्यापर्यंत गेली पाहिजे.

आभाराचा एक ठराव मी वीस वर्षांपूर्वी स्वीकारला होता. आज या सभेसमोर तो मी परत करतो. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या इतिवृत्तात त्याऐवजी एवढेच नोंदवावे, की आपल्याच एका निर्णयातील चूक या संघाने स्वतः ओळखली आणि स्वतः दुरुस्त केली. पुढील पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका वाचणाऱ्या मुलांना ही नोंद आपल्या देणगीदारांच्या यादीइतकीच मोलाची वाटेल.

ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते पाणी घेतले, त्या सर्व तपस्वींची, आणि घरात बसून हे ऐकत असलेल्या माझ्या सौभाग्यवतींची, मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असेल, तर त्याबद्दलही

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!